दाहाचे आकडे करून घेताना: माझा अनुभव

शरीरातला दाह, म्हणजे इन्फ्लमेशन, मोजायला रक्तातली सीआरपी (सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन हे प्रथिन) तपासतात, आणि हृदयविकाराचा धोका जोखायलाही तिचा उपयोग होतो. पण लॅबच्या काउंटरवर नुसतं ‘सीआरपी करायची आहे’ म्हटलं, तर बहुतेक ठिकाणी साधी सीआरपी होते. ती चाचणी न्यूमोनिया, ऑपरेशननंतरचा संसर्ग अशा मोठ्या भडक्यासाठी असते. त्यामुळे धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर ‘५ पेक्षा कमी’ एवढंच छापून येतं. हृदयविकाराचा धोका पाहायचा तर सगळा फरक त्या पाचाच्या आतच दडलेला असतो, म्हणजे त्या कागदाचा आपल्याला उपयोग शून्य. मागायची चाचणी ‘हाय सेन्सिटिव्हिटी सीआरपी’, यादीत ‘एचएस-सीआरपी’ म्हणून असते ती. पैसे भरण्याआधी पावतीवर ‘एचएस’ ही अक्षरं आहेत का, ते वाचून घ्यायचं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते आणि या तपासण्या स्वतःच्याही करून घेते. रक्त काढायला दोन मिनिटं लागतात. खरी मेहनत त्याच्या आधीची आणि नंतरची आहे, आणि आकडे फसवतात तेही तिथेच.

सर्वांत आधी दिवस निवडायचा. सीआरपी यकृतात तयार होते. शरीरात कुठेही दाह सुरू झाला की इंटरल्युकिन-६ नावाचा रेणू यकृताला निरोप देतो, सहा-आठ तासांत सीआरपी चढू लागते आणि साधारण ४८ तासांत शिखर गाठते. रक्तातलं तिचं अर्धआयुष्य सुमारे १९ तासांचं, म्हणून कारण संपलं की ती उतरतेही भराभर. पण सर्दी-खोकला, दुखरी दाढ, पायातली जखम, लघवीचा संसर्ग, नुकतीच घेतलेली लस, रविवारी पळालेली हाफ मॅरेथॉन यांतलं काहीही तो आकडा दुप्पट-पाचपट करून ठेवू शकतं. त्यामुळे असं काही होऊन गेलं असेल तर किमान दोन आठवडे थांबायचं. चिकुनगुन्या झाला असेल आणि सांधे अजून दुखत असतील, तर दोन आठवडेही पुरत नाहीत. दुखणं थांबेपर्यंत ही चाचणी करण्यात अर्थ नाही. पावसाळा आणि त्यानंतरचा डेंग्यू-तापाचा हंगाम मी यासाठी टाळते.

गोळ्यांची यादीही आधीच लिहून ठेवायची. तोंडावाटे घेतलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी, म्हणजे काही गर्भनिरोधक गोळ्यांनीही, सीआरपी वाढते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांनी ती कमी होते, स्टेरॉइडने दबते. चाचणीसाठी म्हणून यांतली कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, फक्त फॉर्मवर लिहायची. केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी मात्र सांगायलाच हवं. बायोटिनमुळे थायरॉइड, इन्सुलिन अशा, अँटिबॉडी वापरून होणाऱ्या, काही इम्युनोअॅसे चाचण्या चुकीच्या येतात, आणि एकाच सुईत या सगळ्या होत असल्याने डॉक्टरांना विचारून ते निदान दोन दिवस आधी थांबवलेलं बरं.

एचएस-सीआरपीला उपाशीपोटी राहायची गरज नाही. पण ती एकटी करू नये असं माझं ठाम मत आहे, आणि सोबतच्या फास्टिंग शुगर व ट्रायग्लिसराइडसाठी १० ते १२ तास पोट रिकामं लागतं. पाणी चालतं, किंबहुना प्यावं, शीर लवकर सापडते. बिनसाखरेचा चहाही नको. रक्त काढताना नळ्यांकडे लक्ष ठेवावं: जांभळ्या टोपणाची सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर) यांसाठी, करड्या टोपणाची शुगरसाठी, पिवळी किंवा लाल बाकीच्यांसाठी. शुगरची नळी करडीच हवी, कारण साध्या नळीत रक्तपेशी ग्लुकोज खात राहतात आणि आकडा तासाला पाच-सात टक्क्यांनी घसरतो. घरी येऊन सॅम्पल नेणारा मुलगा आणखी चार घरं करून दुपारी लॅबमध्ये पोहोचणार असेल, तर हा फरक चांगलाच जाणवतो.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक वाचायचं. एचएस-सीआरपीच्या सीमारेषा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये आहेत: १ पेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. काही लॅब तोच आकडा प्रति डेसिलिटरमध्ये देतात. तिथे ०.३ दिसलं तर ते आपल्या मोजमापात ३ होतं. ‘०.३ आहे, उत्तम’ असं समजून फाइल मिटणारे बरेच जण मी पाहते.

आकडा १० च्या वर असेल तर त्यावरून हृदयाचा धोका काढायचाच नाही. आधी संसर्ग किंवा दुसरं कारण शोधायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी करायची. १० च्या खाली असला तरी एका आकड्यावर विसंबू नये. एकाच माणसाची सीआरपी काही कारण नसतानाही आठवड्या-आठवड्याला बरीच हलते. म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००३ मध्ये सांगितलेली पद्धत मी पाळते: दोन आठवड्यांच्या अंतराने दोन चाचण्या, आणि त्यांची सरासरी. दोन्ही एकाच लॅबमध्ये, एकाच मशिनवर. पहिली १.४ आणि दुसरी ३.८ आली तर सरासरी २.६, म्हणजे मध्यम गट. नुसती दुसरी धरली असती तर तोच माणूस ‘जास्त’मध्ये गेला असता.

या आकड्यावर एवढा भर का, हेही सांगायला हवं. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांत हे प्रथिन सापडलं, तेव्हा त्याचा हृदयाशी काही संबंध कुणाच्या डोक्यात नव्हता. १९९७ मध्ये पॉल रिडकर यांनी अमेरिकी डॉक्टरांच्या साठवलेल्या रक्तावरून दाखवलं की वरवर निरोगी पुरुषांतही सीआरपी जास्त असेल तर पुढे हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त होतात. २०२४ मध्ये २७,९३९ अमेरिकी महिलांचा ३० वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. एकदाच काढलेल्या रक्तातली एचएस-सीआरपी, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि लिपोप्रोटीन-ए (त्याच जातीचा, जनुकांवर ठरणारा चरबीचा कण) या तिन्हींनी पुढच्या तीन दशकांतला धोका स्वतंत्रपणे दाखवला, आणि त्यात एचएस-सीआरपीचा संबंध एलडीएलपेक्षाही ठळक होता. त्या महिला बहुतेक सगळ्या गोऱ्या आणि आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या होत्या, त्यामुळे त्यांच्या टक्केवाऱ्या उचलून मी कोल्हापूरच्या किंवा नागपूरच्या बाईला लावत नाही. दिशा मात्र घेण्यासारखी आहे.

एवढं असूनही सीआरपी हा धूर आहे, आग नव्हे. ज्यांच्यात जनुकांमुळे जन्मतःच सीआरपी जास्त असते, त्यांना त्या प्रमाणात हृदयविकार जास्त होताना दिसत नाही. म्हणजे नुसता आकडा खाली आणणं हे उद्दिष्ट होऊ शकत नाही. तो कशामुळे वर आहे, ते शोधावं लागतं. आणि आपल्याकडे दोन उत्तरं फार वेळा सापडतात: पोट आणि हिरड्या.

पोटाची चरबी स्वतःच इंटरल्युकिन-६ सोडते. वजनकाटा ती दाखवत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, तंतोतंत २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. बारीक दिसणारा, हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेला माणूस आपल्याकडे घरोघरी आहे. म्हणून मी टेपला कुठल्याही महागड्या चाचणीइतकंच महत्त्व देते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, शर्ट वर करून, टेप न आवळता, साधा श्वास सोडून झाल्यावर मोजायचं. पँट जिथे बांधतो तिथे मोजलं की पोट त्याच्यावर लोंबतं आणि माप कमी भरतं. भारतीय पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सीमा आहे.

हेच माप चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या गटाने २००५ मध्ये बनवलेल्या मधुमेहाच्या भारतीय गुणतालिकेत लागतं. तिला रक्ताचा थेंबही लागत नाही. ४२ वर्षांचा पुरुष असेल तर वयाचे २०, कंबर ९४ असल्याचे १०, बैठं काम आणि व्यायाम नाही याचे ३०, वडिलांना मधुमेह असल्याचे १०. बेरीज ७०, आणि ६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. त्यातले ४० गुण कंबर आणि बैठेपणाचे आहेत, म्हणजे बदलण्यासारखे. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरून घेतात, त्यातही कंबर, तंबाखू, व्यायाम आणि घरातला मधुमेह-बीपी विचारलेला असतो, आणि ४ च्या वर गुण गेले की तपासणीला पाठवतात. त्यांनी टेप काढला की लाजू नये.

दुसरं हिरड्यांचं. ब्रश करताना रक्त येणं, दात हलणं याकडे कुणी आजार म्हणून बघत नाही, पण तो रोज चालू असलेला दाहच आहे. मिश्री लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या आणि तोंड मुद्दाम तपासून घ्यावं असं मी आग्रहाने सांगते. एचएस-सीआरपी दोनदा ३ च्या वर आली आणि बाकी काही सापडत नसेल, तर पुढच्या चाचण्यांच्या आधी दंतवैद्य.

पॅकेजमधल्या इतर आकड्यांपैकी ईएसआर (नळीत लाल पेशी खाली बसण्याचा वेग, दाहाचाच एक आकडा) मी धोका पाहण्यासाठी वापरत नाही. वय, पंडुरोग, गर्भारपण सगळ्याने तो वाढतो आणि आठवडेच्या आठवडे तसाच राहतो. फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा, नेहमी सीआरपीच्या शेजारी ठेवून वाचावं. दाहात फेरिटिन फुगतं आणि लोह कमी असूनही ‘नॉर्मल’ दिसतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने लोहाच्या कमतरतेची प्रौढांसाठीची रेषा एरवी १५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर, पण संसर्ग किंवा दाह असताना ७० अशी ठेवली आहे. एचबीए१सीत ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाची पूर्वस्थिती आणि ६.५ पासून मधुमेह, पण लोहाच्या कमतरतेत हा आकडा खोटा वाढू शकतो, तर सिकलसेलच्या आजारात खोटा कमी येतो. नंदुरबार आणि गडचिरोलीसह विदर्भातल्या सिकलसेल असलेल्या घरांत म्हणून फास्टिंग आणि जेवणानंतरची शुगर सोबत हवीच.

ज्याच्याकडे लोक सहसा बघत नाहीत असा आकडा म्हणजे एफआयबी-४. यकृतात चरबीबरोबर कडकपणा सुरू झालाय का, याचा अंदाज त्यातून येतो आणि तो असलेल्याच रिपोर्टांतून फुकट निघतो. वय गुणिले एएसटी, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचं एसजीओटी. त्याला प्लेटलेट्स गुणिले एएलटीच्या, म्हणजे एसजीपीटीच्या, वर्गमुळाने भागायचं. घोळ प्लेटलेट्सशी होतो. आपल्याकडे त्या लाखांत छापतात, सूत्राला हजारांत लागतात: २.५ लाख म्हणजे २५०. वय ५०, एसजीओटी ३६, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २५० धरल्या तर १८०० भागिले २०००, उत्तर ०.९. १.३ च्या खाली म्हणजे कडकपणाची शक्यता कमी, २.६७ च्या वर म्हणजे तज्ज्ञांकडे जायचं. पासष्टीनंतर खालची रेषा २ धरतात. लाखातला २.५ तसाच घातला तर उत्तर ९० येतं आणि घरात रडारड होते.

लिपोप्रोटीन-ए जनुकांवर ठरतं, आयुष्यात एकदा केलं की पुरे. ५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर असेल तर भावंडांना आणि मुलांनाही सांगायचं.

हे सगळं एका कागदावर घेऊन मगच धोक्याची टक्केवारी काढायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांत दक्षिण आशियाचा तक्ता वेगळा आहे. वय, लिंग, धूम्रपान, वरचं बीपी, मधुमेह आणि कोलेस्टेरॉल घातलं की पुढच्या १० वर्षांतला धोका मिळतो. त्यात सीआरपी नाही. माझी पद्धत अशी: तक्त्यात धोका स्पष्ट कमी किंवा स्पष्ट जास्त असेल तर एचएस-सीआरपीने निर्णय बदलत नाही. मधल्या गटात, स्टॅटिन सुरू करावं की नाही असा प्रश्न अडला असेल, तिथे तिचं वजन पडतं. २००८ च्या ‘ज्युपिटर’ चाचणीत एलडीएल १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असलेल्या १७,८०२ जणांपैकी रोसुव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे प्रसंग ४४ टक्क्यांनी कमी झाले. हा निर्णय डॉक्टरांसमोर बसूनच घ्यायचा.

आकडा वाढलेला दिसला की दोन गोष्टी लोक हमखास करतात. एक म्हणजे दुखण्याच्या गोळ्या ‘दाहविरोधी’ म्हणून रोज घेणं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी हार्ट अटॅकचा धोका उलट वाढतो आणि किडनीही बिघडते. दुसरी म्हणजे हळद-मिरीच्या अर्काच्या कॅप्सूल. भाजीतली हळद वेगळी. या तीव्र कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मग सीआरपीसाठी आलेला माणूस वाढलेलं एसजीपीटी घेऊन परत येतो.

तंबाखू बंद, कंबर कमी, हिरड्या दुरुस्त, रोजचं चालणं, झोप, एवढं सुरू केल्यावर पुन्हा चाचणी तीन महिन्यांनी, त्याआधी नाही. पुन्हा त्याच लॅबमध्ये, तीच दोन आठवड्यांच्या अंतराची जोडी. सीआरपी १० च्या वरच राहत असेल, सोबत वजन घटत असेल, रात्री घाम येत असेल, सकाळी बोटं तासभर आखडत असतील किंवा बारीक ताप जात नसेल, तर धोक्याचं गणित बाजूला ठेवून त्याच आठवड्यात फिजिशियनला दाखवायचं.