आकासावाच्या हिनोकी वनात, मुलांना घरी ठेवून

अरण्यस्नानासाठी जपानमधल्या आकासावाच्या जंगलात जायचं ठरवलंत तर तिकिटांच्या आधी घरची व्यवस्था पक्की करा. ‘पक्की’ म्हणजे मागे राहणाऱ्या माणसाच्या हातात सूचनांची यादी ठेवणं नव्हे. यादी दिली की काम तुमचंच राहतं, दुसरा फक्त ते पार पाडतो, आणि यादीत नसलेलं काही घडलं की फोन तुम्हालाच येतो. त्या दिवसापुरते निर्णयही त्याचेच असायला हवेत: काय खायला द्यायचं, किती वाजता झोपवायचं, ताप आला तर कोणत्या डॉक्टरकडे न्यायचं. आम्ही मैत्रिणींनी, सगळ्याच लहान मुलांच्या आया, निघण्याआधी एवढी एकच अट घातली होती. सहल जमली ती या अटीमुळे, असं मला मनापासून वाटतं.

आकासावा जपानच्या नागानो प्रांतात, किसो खोऱ्यातल्या आगेमात्सु गावाजवळ आहे. नागोयाहून शिनानो एक्स्प्रेसने किसो-फुकुशिमाला पोचायला साधारण दीड तास लागतो. बहुतेक एक्स्प्रेस आगेमात्सुला थांबत नाहीत, त्यामुळे किसो-फुकुशिमाला उतरून लोकल गाडीने आगेमात्सुला मागे यायचं. आगेमात्सु स्टेशनवरून जंगलापर्यंत बसने अर्धा तास. बस फक्त हंगामात असतात आणि दिवसाला मोजक्याच, म्हणून आधी बसच्या वेळा बघा आणि मग रेल्वेचं आरक्षण करा. जंगल एप्रिलअखेर उघडतं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बंद होतं.

शिनरिन-योकू, म्हणजे अरण्यस्नान, झाडांमध्ये निवांत वेळ घालवणं, ही कल्पना सार्वजनिकरीत्या सुरू झाली ती इथेच. १९८२ साली जपानच्या वनखात्याचे तेव्हाचे प्रमुख तोमोहिदे आकियामा यांनी ती मांडली आणि पहिला कार्यक्रम याच जंगलात झाला. ही जागा निवडण्यामागे झाडांचं वय आहे. सतराव्या शतकात किल्ले आणि गावं बांधण्यासाठी किसो खोरं जवळजवळ उजाड झालं. मग ओवारी संस्थानाने हिनोकी, सावारा, नेझुको, असुनारो आणि कोयामाकी या पाच झाडांच्या तोडीवर बंदी घातली. ‘एका झाडाला एक मुंडकं’ असा त्या बंदीचा लौकिक होता. त्या काळात उगवलेली हिनोकीची झाडं आज तीनशेच्या वर वर्षांची आहेत. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्यासाठी लागणारं लाकूडही किसोच्या जंगलांतून गेलेलं आहे.

आत शिरल्यावर लगेच काही होत नाही, हे आधीच सांगून ठेवते. पहिला बराच वेळ आम्ही सगळ्या घरचंच बोलत होतो. कुणाच्या मुलीचा दात हलतोय, कुणाची सासू आजारी आहे. मग ओढ्याच्या काठी एका फाट्यावर आम्ही ठरवलं की आता वेगवेगळं चालायचं. एकमेकींच्या नजरेच्या टप्प्यात, पण न बोलता. माझ्यासाठी अरण्यस्नान सुरू झालं ते तिथून.

हिनोकीची साल तांबूस असते आणि उभ्या पट्ट्यांनी सुटते. खोडं सरळ वर जातात, त्यांच्याखाली असुनारोची गर्दी सावलीतच वाढत राहते. काही हिनोकी मुळांवर उचलून धरल्यासारखे उभे दिसतात, खाली माणूस बसेल एवढी पोकळी. पूर्वी एखाद्या पडलेल्या ओंडक्यावर किंवा बुंध्यावर बी रुजलं, मुळं त्याला वेढून जमिनीत गेली, आणि आतला ओंडका कुजून नाहीसा झाला. अशा एका झाडासमोर मी किती वेळ बसले ते मला खरंच माहीत नाही. पाण्याचा आवाज सतत येत होता, आणि त्यात मला काही ऐकून ठेवायचं नव्हतं. घरी माझे कान झोपेतही जागे असतात. दुसऱ्या खोलीतला खोकला, पडलेलं भांडं, अचानक पसरलेली शांतता, सगळ्याचा अर्थ लावत राहतात. इथे एकाही आवाजाला माझी गरज नव्हती. रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञांनी मांडलंय की मुद्दाम एकाग्र केलेलं लक्ष थकतं आणि निसर्गातल्या सहज खेचून घेणाऱ्या गोष्टींपाशी त्याला विश्रांती मिळते. आईचं लक्ष तर दिवसभर मुद्दामच एकाग्र केलेलं असतं.

शरीरावरच्या परिणामांचे अभ्यास जपानमध्ये बरेच झाले आहेत. चोवीस जंगलांत आणि तितक्याच शहरी भागांत तुलना केली तेव्हा जंगलात लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक), नाडी आणि रक्तदाब कमी आढळले. पण त्यात सहभागी झालेले विद्यार्थी तरुण पुरुष होते. मला जास्त जवळचा वाटतो तो चिंग ली यांच्या गटाने रुग्णालयातल्या तेरा परिचारिकांवर केलेला अभ्यास. दोन रात्री मुक्काम करून त्या जंगलात चालल्या, आणि रोगप्रतिकारातल्या नॅचरल किलर पेशींची वाढलेली सक्रियता आठवड्यानंतरही टिकून होती. तेरा ही संख्या फार लहान आहे, आणि त्या बायका त्या दिवसांत ड्यूटीवर नव्हत्या, हेही विसरू नये. माझ्या मते गुणाचा मोठा वाटा त्या दुसऱ्या गोष्टीचाच असणार. म्हणून पुन्हा सांगते, जबाबदारी खरोखर सोपवल्याशिवाय जाऊ नका.

मुलांना ठेवायला कुणीच नसेल तर? तरी जा, पण सोबत आणखी एक मोठं माणूस हवंच. इथे जुन्या वनरेल्वेचा एक तुकडा १९८७ पासून पर्यटकांसाठी चालतो, एका बाजूने ११०० मीटर. मुलं त्यात रमतात. ती दुसऱ्याबरोबर गाडीत असताना तुम्ही पायवाट धरायची. फुरेआई नावाची वाट जवळपास सपाट आहे, बाबागाडी आणि व्हीलचेअर दोन्ही जातात. बाळंतपणानंतर अजून पूर्ण ताकद आलेली नसेल तर तीच निवडा, चढाच्या वाटांचा मोह नको.

जंगल समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर आहे, त्यामुळे ऑगस्टमध्येही सावलीत गारवा लागतो. अंगावर एक जाड शर्ट, पायांत न घसरणारे बूट आणि बसायला पातळ चटई एवढं पुरे. जूनच्या मध्यापासून महिनाभर पावसाळा असतो, तेव्हा लाकडी फळ्या निसरड्या होतात. या डोंगरांत अस्वलं आहेत, म्हणून पिशवीला घंटी बांधा, आणि एकांत हवा म्हणून वाट सोडून आत जाऊ नका. गवतात बसलात तर रात्री पायांवर गोचीड नाही ना ते तपासा. कचरा परत न्यायचा, साल किंवा फांदी तोडायची नाही.

फोन बंद करायला धीर होत नसेल तर एकच नंबर सुरू ठेवा, बाकी सगळं गप्प. फोटो शेवटच्या अर्ध्या तासात काढा.

जवळच नेझामे-नो-तोकोची दगडी घळ आहे, आणि त्सुमागो आणि मागोमे ही पूर्वीच्या वाटसरूंच्या मुक्कामाची जुनी गावंही फार लांब नाहीत. एवढ्या दूर आलोय तर सगळंच उरकू, असं प्रत्येकीला वाटतं. कृपा करून तसं करू नका. उरकणं तर आपण रोजच करतो.

आणखी एक. झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, बाळाकडे बघूनही काही वाटत नसेल, आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर आधी डॉक्टरकडे जा. जंगल त्यावरचा उपचार नाही.

जमलं तर आगेमात्सु किंवा किसो-फुकुशिमात एक रात्र राहा. त्याच दिवशी परतणार असाल तर पोचताच थांब्यावरच्या फलकावरून परतीच्या बसची वेळ टिपून घ्या आणि घड्याळात गजर लावा, म्हणजे सारखं घड्याळ बघावं लागणार नाही. शेवटची बस दुपारीच सुटते. ती चुकली तर गावातून टॅक्सी मागवावी लागते, म्हणून तिथल्या टॅक्सीचा नंबर स्टेशनवर उतरल्या उतरल्या कागदावर लिहून घ्या.