एलईडी हेडलाइट बसवताना उजेड पडतो कुठे, ते आधी पाहा

मोटारसायकलला एलईडी हेडलाइट बसवायचा म्हटले की दुकानात पहिला प्रश्न वॅटचा आणि ल्युमेनचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा, निघतो. माझ्या मते पहिला प्रश्न तो उजेड नेमका कुठे पडणार, हा असायला हवा.

माझ्या गाडीला कंपनीने एचएस-१ प्रकारचा ३५/३५ वॅटचा हॅलोजन बल्ब दिला होता. या बल्बचा उजेड मानकानुसार अप्परला (लांबच्या झोताला) साधारण ८२५ आणि डिपरला (खालच्या झोताला) ५२५ ल्युमेन असतो. शहरात तेवढा पुरतो. पण रात्री पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या बाजूला कांद्याचे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, कित्येक ट्रॉल्यांना मागे साधा रिफ्लेक्टरही नसतो, आणि तिथे तो फार अपुरा वाटतो. म्हणून मी एलईडी बल्ब बसवला आणि त्या निर्णयावर मी समाधानी आहे.

मात्र हॅलोजन बल्ब हातात घेऊन नीट पाहावा. डिपरच्या तापून उजळणाऱ्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, त्यामुळे हेडलाइटमधल्या रिफ्लेक्टरचा, म्हणजे बल्बमागच्या चकचकीत आरशाचा, फक्त वरचा भाग उजळतो आणि झोत रस्त्याकडे झुकतो. समोरून येणाऱ्याचे डोळे वाचतात ते या वाटीमुळे. हेडलाइटचा रिफ्लेक्टर त्या तारेची जागा धरूनच घडवलेला असतो. तेव्हा एलईडीच्या उजेड देणाऱ्या चिप त्याच जागी, त्याच उंचीवर आणि डाव्या-उजव्या बाजूंना तोंड करून आल्या पाहिजेत. बल्ब होल्डरमध्ये थोडा जरी फिरला, तरी उजेड भरपूर दिसतो, पण तो झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्या चालकाच्या डोळ्यांवर पडतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, त्यामुळे हा त्रास इतरांना दिवसाही होतो.

विजेची बाजू मेकॅनिककडून आधीच तपासून घ्यावी. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटला बॅटरीवरून नव्हे, तर इंजिनवर फिरणाऱ्या जनित्राच्या कॉइलमधून थेट एसी पुरवठा जातो. म्हणूनच गाडी उभी असताना इंजिन मंद चालले (आयडलिंग) की दिवा मंदावतो. एलईडीला स्थिर डीसी लागतो. तो न देता बल्ब लावला, तर तो लुकलुकतो किंवा लवकर जातो.

उष्णतेचा विचार तर फारच थोडे लोक करतात. हॅलोजनची बरीचशी उष्णता उजेडाबरोबर पुढे काचेकडे जाते, एलईडीची मात्र मागच्या बाजूला साठते, म्हणून त्याला मागे धातूच्या पाकळ्या किंवा छोटा पंखा असतो. त्यामुळे मागचे रबरी टोपण नीट बसत नाही, आणि पुढे इगतपुरी-कसारा घाटातल्या पावसात दमट हवा आत शिरून काचेवर बाष्प धरते. टोपण घट्ट बसत नसेल, तर तो बल्ब कितीही प्रखर असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घाटातल्या धुक्यात फार पांढरा झोत उलट डोळ्यांवर येतो, म्हणून मी ४३०० केल्विनच्या (उजेडाच्या रंगछटेचे माप) आसपासचा, किंचित पिवळसर उजेड निवडला.

बल्ब बसवल्यावर गाडी सपाट जागी, भिंतीपासून सुमारे पंचवीस फुटांवर, स्वार बसलेला असताना सरळ उभी करावी. भिंतीवर हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर खडूने रेघ ओढावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या दोन-तीन इंच खाली आली पाहिजे. ती येत नसेल तर समायोजनाचा स्क्रू फिरवावा, आणि कड मुळीच उमटत नसेल तर तो बल्ब त्याच दिवशी दुकानात परत करावा.