एडिनबराची भुतं: कशाला तिकीट काढावं, काय फुकट पाहावं

भुतांसाठी एडिनबराला जायचं ठरवलंत तर आधी कॅलेंडर बघा. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. आठच्या ‘भयसफरी’ला गाइड काळा झगा घालून लख्ख उजेडात उभा राहिला की भीतीऐवजी त्याचीच कीव येते. ऑगस्टमध्ये नाटक-संगीताचा मोठा फेस्टिव्हल असतो, मग खोल्यांचे दर परवडत नाहीत आणि गल्ल्यांत मुंगीलाही वाट मिळत नाही. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारासच सूर्य बुडतो, पण वारा अंगात शिरतो. आम्ही ऑक्टोबरअखेरीस गेलो, तुम्हीही तेव्हाच जा. फक्त तो हॅलोविनचा आठवडा असतो, त्यामुळे रात्रीच्या सफरी घरून निघण्याआधीच आरक्षित करा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून रेल्वे साडेचार तासांच्या आसपास वेव्हर्ली स्टेशनला पोचवते. स्टेशनबाहेर पडलं की चढ, पायऱ्या आणि ओल्या दगडांची फरसबंदी. पकड असलेले बूट घ्या, छत्री नको. तिथल्या वाऱ्यात ती उलटी होते.

ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत दोनदा जावं, आधी दिवसा आणि मग रात्री. दिवसा प्रवेश फुकट आहे. तिन्हीसांजेला स्मशानाकडे फिरकू नये हे ऐकत वाढलेल्या माझ्या सासूबाई फाटकाशीच थबकल्या होत्या. आत बघतात तर ऑफिसातली मंडळी थडग्यांशेजारच्या बाकांवर बसून सँडविच खात होती. मग त्याही आल्या आणि सगळ्यांत जास्त वेळ त्यांनीच पाट्या वाचल्या. काही थडग्यांवर लोखंडी पिंजरे दिसतील. ते आतलं कुणी बाहेर येऊ नये म्हणून ठोकलेले नाहीत. वैद्यकीय शाळांना विच्छेदनासाठी प्रेतं हवी असत, ती उकरून विकणाऱ्या चोरांपासूनचा हा बंदोबस्त. बर्क आणि हेअर या जोडगोळीने तर उकरण्याचेही कष्ट घेतले नाहीत. १८२८ मध्ये त्यांनी सोळा जणांना ठार मारून प्रेतं शरीररचना शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सला विकली. हेअर माफीचा साक्षीदार होऊन सुटला, बर्क १८२९ मध्ये फासावर गेला. त्याच्या कातडीपासून केलेलं पाकीट सर्जन्स हॉलच्या संग्रहालयात ठेवलंय. तिथलं तिकीट वसूल होतं, पण जेवून जाऊ नका.

या दफनभूमीचं नामांकित भूत म्हणजे सर जॉर्ज मॅकेन्झी. राजाने चर्चच्या कारभारात हात घालू नये म्हणून १६३८ साली स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन (बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) लोकांनी ज्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या, त्याची सुरुवात याच ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये झाली. पुढे १६७९ मध्ये बॉथवेल ब्रिगची लढाई हरल्यावर त्याच पंथाचे शेकडो कैदी चर्चला लागून असलेल्या मैदानात उघड्यावर कोंडले गेले. काही तिथेच मेले. शेवटी उरलेल्यांतले अडीचशेच्या आसपास लोक हद्दपारीसाठी जहाजात भरले, ते जहाज ऑर्कनीजवळ फुटलं आणि बहुतेक बुडाले. या पंथावर खटले चालवणारा सरकारी वकील म्हणजे हा मॅकेन्झी. १६९१ मध्ये तो वारला आणि त्याला पुरलं कुठे, तर त्या मैदानापासून चार पावलांवर!

तीनशे वर्षं तो गप्प होता. १९९०च्या दशकाच्या अखेरीस निवाऱ्यासाठी एक बेघर माणूस त्याच्या थडग्यावरच्या घुमटीत शिरला म्हणतात, आणि तेव्हापासून भानामती सुरू झाली: ओरखडे, गार झोत, भोवळ. रात्रीच्या सफरीत कैद्यांच्या त्या मैदानाच्या आता कुलूपबंद असलेल्या भागातली एक काळोखी घुमटी उघडतात. तिथे गाइड शेवटी जे काही करतो ते मी सांगत नाही, पण हृदयविकार असलेल्यांनी बाहेरच थांबावं. मला स्वतःला ओरखडा वगैरे काही आला नाही. मात्र कैद्यांची गोष्ट त्याच जमिनीवर अंधारात उभं राहून ऐकताना गाइडच्या विनोदांवर हसू येईना.

साउथ ब्रिजखालच्या तळघरांबद्दल माझं मत तितकं बरं नाही. १७८८ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाला एकोणीस कमानी आहेत, बाहेरून दिसते एकच. बाकीच्या इमारतींआड गेल्या. आतल्या खोल्यांत दुकानं, गोदामं होती; पाणी झिरपायला लागल्यावर व्यापारी निघून गेले आणि ज्यांना कुठेच जागा नव्हती ते राहायला आले. जागा जबरदस्त आहे, पण गट मोठा असतो आणि किंकाळ्यांचा मारा फार. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन यांनी इथे लोकांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पाहिलं. ‘झपाटलेल्या’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या खोल्यांतच विचित्र अनुभव जास्त आले. त्यांच्या मते कारण खोलीचा आकार, उजेड अशा गोष्टींत होतं. तुम्हीही आत गेल्यावर छताची उंची बघा. गाइड नेमका कुठे थांबवतो ते लक्षात येईल.

मेरी किंग्ज क्लोज ही जमिनीखाली गेलेली जुनी गल्ली मात्र चुकवू नका. १७५३ मध्ये रॉयल एक्स्चेंज या व्यापाऱ्यांच्या इमारतीचं बांधकाम सुरू झालं तेव्हा या गल्लीतल्या घरांचे वरचे मजले पाडून खालच्यांचाच पाया केला. गल्ली आजही खाली तशीच आहे. १६४५ च्या प्लेगमध्ये रोग्यांना भिंती घालून जिवंत कोंडलं ही कथा खोटी आहे. घरात अडकलेल्यांना अन्न आणि कोळसा पोचवला जायचा. प्लेगच्या डॉक्टरचा किस्सा जास्त खरा आणि जास्त भयंकर. नगरपालिकेने जॉर्ज रे याला भरमसाट पगार कबूल केला, कारण तो फार जगणार नाही असा हिशेब होता. तो जगला, आणि थकबाकीसाठी पुढे वर्षानुवर्षं भांडत राहिला! आत ॲनी नावाच्या मुलीच्या भुतासाठी लोकांनी ठेवलेल्या बाहुल्यांचा ढीग आहे. १९९२ मध्ये अतींद्रिय शक्तीचा दावा करणाऱ्या एका जपानी महिलेने तिथे पहिली बाहुली ठेवली. स्वतः फोटो काढता येत नाहीत, पाच वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, आणि जिने अरुंद आहेत. गुडघे दुखत असतील तर विचार करून तिकीट काढा.

शाकाहारी मंडळींची तिथे उपासमार होत नाही. हॅगिस हा तिथला मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा पदार्थ, पण डाळी आणि ओट्सचा शाकाहारी हॅगिसही बऱ्याच पबमध्ये मिळतो. तिखट लागत नाही, तेव्हा चटणीची पुडी खिशात असू द्या. रात्रीच्या सफरी साडेदहा-अकरापर्यंत चालतात आणि बऱ्याच पबची स्वयंपाकघरं त्याआधीच बंद होतात, म्हणून जेवण आधी उरका.