व्हिटॅमिन डी ९, मानेतली गाठ आणि "उन्हात गेलाच नाहीत ना"

दिवाळीच्या फराळाच्या गडबडीत मानेला उजवीकडे गाठ लागली हाताला, दुखत नव्हती म्हणून मीही मनावर घेतलं नाही. आधीच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, मग सुईने तपासणी केली त्यात काही कळेना, टीबी असेल म्हणत दीड महिना गेला. मुद्दाम लिहितेय, कारण सुईच्या तपासणीत लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, बरेचदा नीट कळत नाही, गाठ काढून बायोप्सी करावी लागते. ती केली तेव्हा रिपोर्ट आला, डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा. त्याच फाइलमध्ये रक्तातलं व्हिटॅमिन डी ९ नॅनोग्रॅम, वीसच्या खाली म्हणजे कमतरताच.

झालं, घरच्यांनी दोन्ही कागद जोडले. नणंद म्हणाली, "अहो वहिनी, कसब्यातलं तळमजल्याचं घर, दिवसभर ऑफिसात, उन्हात गेलाच नाहीत ना कधी, त्यातनंच झालं." तिला माझी काळजी होती पण ते वाक्य महिनाभर डोक्यातून जाईना. आणि लेक, एकोणीस वर्षांची, रात्री येऊन विचारते, "आई, हे जीन्समधून येतं का गं? माझी टेस्ट करू या?"

तेव्हा मी कॅन्सरच्या डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं. त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या बाजूला पेनने काढून दाखवलं, वर सूर्य, मग कातडी, लिव्हर, किडनी आणि शेवटी पेशीच्या आत एक छोटं कुलूप, त्याचं नाव व्हीडीआर, डी जीवनसत्त्व तिथे जाऊन बसतं. ह्या कुलपाच्या जीनमध्ये माणसागणिक बारीक फरक असतात, त्यावर लिम्फोमासाठी बरेच अभ्यास झालेत पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे लेकीची ही टेस्ट करून हाती काही लागणार नाही म्हणाल्या. उन्हाचं तर मला नवलच वाटलं, आधी उलटी शंका होती की ऊन जास्त झालं की लिम्फोमा वाढतो! २००५ साली डेन्मार्क-स्वीडनचा मोठा अभ्यास आला त्यात उन्हात जास्त राहणाऱ्यांना धोका थोडा कमी दिसला. पण रक्तातलं डी मोजून पाहिलं तेव्हा तसं ठळक नातं निघालं नाही, आणि अमेरिकेत २५,८७१ लोकांच्या चाचणीत निम्म्यांना रोज डी चे २००० युनिट दिले तरी कॅन्सर होण्याचं प्रमाण घटलं नाही. म्हणजे उन्हाचा फायदा असलाच तर तो डी मधूनच येतो असंही धरून चालता येत नाही. "तुम्ही उन्हात गेला नाहीत म्हणून तुम्हाला हे झालं, असं मी तरी म्हणणार नाही," हे त्यांचं शब्दशः वाक्य. मी केबिनमध्येच रडले, इतकं हलकं वाटलं.

केमोचे सहा डोस झाले, दर एकवीस दिवसांनी. लाल औषधानंतर लघवी लाल होते, आधी सांगितलेलं असतं तरी पहिल्यांदा पाहून पाय गळतात. डी ची पावडर मॅडमनीच दिली, आठवड्याला एकदा दुधातून, हाडांसाठी, स्वतःच्या मनाने मात्र घेऊ नका, जास्त झाली तर रक्तातलं कॅल्शियम नको तितकं वाढतं.

आता सकाळी अकराच्या सुमारास गच्चीवर पंधरा मिनिटं जाते, केस नुकतेच येतायत म्हणून डोक्याला ओढणी बांधून. कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड हवी, हे कळल्यापासून लेक माझी सावली पावलांनी मोजते आणि मगच चटई टाकते. शेवटच्या पेट स्कॅनमध्ये (अंगात कुठे कॅन्सर उरलाय का ते पाहणारा स्कॅन) काही दिसलं नाही, पुढची तपासणी गणपतीनंतर आहे.