झावळ्यांच्या रविवारची आदली दुपार

वसई परिसरातील चर्चमध्ये ध्वनिव्यवस्था लावण्याचे काम मी करतो. त्यातला एक शनिवार कायमचा माझ्या लक्षात राहिला आहे. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार होता आणि मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) प्रभू येशूच्या दुःखसहनाचा वृत्तांत तिघांनी मिळून वाचायचा होता. फादरांनी फोनवर सांगितले, "आवाज भरपूर मोठा येतो, पण मागच्या बाकांवर शब्दच कळत नाहीत. नवा अँप्लिफायर घ्यावा लागेल का, ते एकदा येऊन बघा."

चर्च जुने, उंच छताचे आणि जाड भिंतींचे होते. टाळी वाजवली की तिचा नाद दोन सेकंदांहून अधिक काळ रेंगाळत होता. अशा वास्तूत गायन खुलते, पण बोललेले शब्द एकमेकांत मिसळतात. कॅथलिक चर्चच्या द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाव दिला आणि पुढे मिस्सा मराठीत होऊ लागली. भाविकांना समजेल अशा भाषेतले वाचन शेवटच्या बाकापर्यंत पोहोचू नये, याची मला फार रुखरुख वाटते.

सिस्टीम सुरू केली, तेव्हा कोणी बोलण्याआधीच सगळ्या स्पीकरमधून सूं असा आवाज येऊ लागला. मिक्सरवर वाचकांच्या माइकचे गेन (माइकचा सिग्नल सुरुवातीलाच वाढवणारी बटणे) जवळजवळ तळाशी होते, फेडर (प्रत्येक माइकची सरकपट्टी) आणि मास्टर (सगळ्यांची एकत्र पट्टी) वरच्या टोकाला होते आणि सिग्नलची पातळी दाखवणाऱ्या मीटरवर सर्वांत खालचा एकच हिरवा दिवा लुकलुकत होता. आतल्या खोलीत स्पीकर चालवणाऱ्या अँपची (अँप्लिफायरची) दोन्ही बटणे पूर्ण उघडी होती आणि त्यांवर 'हात लावू नये' अशी पट्टी चिकटवलेली होती. गेन वाढवला की स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून शिट्टी येते, असा मिक्सर सांभाळणाऱ्या तरुणाचा समज होता. शिट्टी एकट्या गेनमुळे येत नाही; माइकपासून स्पीकरपर्यंत आवाज एकूण किती वाढतो, यावर ती अवलंबून असते, हे मी त्याला सावकाश समजावले. फादरांच्या कॉलर माइकचे दुखणे मात्र नेमके उलटे होते. त्या बिनतारी माइकचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरचे बटण लाइनवर, म्हणजे जोरकस सिग्नलवर होते आणि वायर मात्र मिक्सरच्या दुबळ्या सिग्नलसाठी असलेल्या माइक इनपुटमध्ये गेली होती. त्यामुळे फेडर खाली ओढूनही आवाज फाटत होता, कारण तो फेडरपर्यंत येण्याआधीच फाटलेला असे.

समोर बोलणाऱ्याचा आवाज साधा माइक एखाद-दोन मिलिव्होल्ट इतकाच उचलतो, तर मिक्सरच्या आतले काम सव्वा व्होल्टच्या आसपास चालते. ही शेकडो पटींची वाढ पहिल्याच पायरीवर, म्हणजे गेनवर व्हायला हवी. पुढच्या पायऱ्यांचा स्वतःचा सूं आवाज ठरावीक असतो. सिग्नल दुबळा आला, की अँप सिग्नलबरोबर तोही तितकाच वाढवतो.

मी आधी अँप पूर्ण बंद केला. मग तिन्ही वाचकांना जागेवर उभे केले आणि 'हॅलो, वन, टू, थ्री' न म्हणता प्रत्यक्ष उतारा, उद्या वाचणार त्याच जोमाने वाचायला सांगितला. फेडर आणि मास्टर शून्याच्या खुणेवर ठेवून मीटर शून्याभोवती खेळेल इतका एकेकाचा गेन चढवला, आणि वृत्तांतातल्या जमावाच्या आरोळीसाठी मीटरवर वर पुरेशी जागा राखली. रिसीव्हरचे बटण माइकवर आणले. गायनवृंदाचे माइक वाचनाच्या वेळी बंद ठेवायचे ठरवले, कारण उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची सुमारे ३ डेसिबल (आवाजाच्या पातळीचे माप) जागा जाते. शेवटी अँप हळूहळू उघडला. हवा तेवढा आवाज मिळाला तेव्हा त्याची बटणे पूर्वीपेक्षा जवळपास २० डेसिबल खाली होती.

वाचन थांबताच चर्चमध्ये इतकी शांतता पसरली की वेदीची व्यवस्था पाहणारे काका लगबगीने आले आणि म्हणाले, "लाइट गेली का?" मी काही बोललो नाही, फक्त वाचक मुलीला खूण केली. तिने पेत्राने प्रभूला नाकारल्याचा भाग अगदी हलक्या आवाजात वाचला. काका चालत शेवटच्या बाकापर्यंत गेले आणि वाचन संपेपर्यंत तिथेच बसून राहिले. वास्तूचा घुमारा अर्थातच तसाच होता. तो कोणत्याही बटणाने जात नाही. पण वर्षानुवर्षे त्यावर चढलेली सूं-सूं आणि फाटलेपण निघून गेले होते. नव्या अँपची गरज नव्हती, असे मी फादरांना तिथेच सांगितले.

निघण्यापूर्वी अँपवरची पट्टी काढली, बटणांच्या नव्या जागी पांढऱ्या टेपने खुणा केल्या आणि त्या तरुणाने सगळ्या बटणांचे फोटो काढून ठेवले. गुड फ्रायडेच्या दुपारी त्याचा फोन आला. योहानाच्या शुभवर्तमानातल्या दुःखसहनासाठी एक वाचक बदलला होता आणि नव्या वाचकाचा आवाज भारदस्त होता. "फेडरला हात लावला नाही, दादा," तो म्हणाला, "आधी त्याच्याकडून एक पान वाचून घेतलं आणि गेन थोडा उतरवला."