वॉशिंग्टनला आरव्ही लावली, पण बस कुठाय?

'स्टेशनपासून पाच मिनिटं' ही डोंबिवली-बदलापूरच्या बिल्डरांची जाहिरात ज्याने वाचली आहे, त्याला आरव्ही पार्कच्या (आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, ते उभं करून राहायची जागा) वेबसाइटवरचं 'पब्लिक ट्रान्झिट जवळ' वाचून शंका यायला हवी. मला आली नाही. राग अजून पुरता गेलेला नाही, तेव्हा सल्ला थोडा तिखट लागला तर चालवून घ्या.

प्रश्न साधा होता. वॉशिंग्टन डीसी बघायचं, मुक्काम आरव्हीत, मागे जोडून आणलेली छोटी गाडी नाही. पंचवीस फुटी गाडीला नॅशनल मॉलपाशी (दुकानांचा मॉल नव्हे, संग्रहालयं आणि स्मारकांमधलं शहराचं मोठं मैदान) जागा मिळेल ही आशाच सोडा. मेट्रो स्टेशनवर सोडून पुढे जाऊ म्हणाल, तर बहुमजली पार्किंगमध्ये क्लास सी गाडी (व्हॅन-ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली आरव्ही) शिरतच नाही. तिची उंची अकरा-बारा फूट असते. आणि रोज सकाळी वीज, पाणी, सांडपाण्याचा पाइप काढायचा, संध्याकाळी परत जोडायचा, यातच सुट्टी संपते. म्हणजे गाडी पार्कात उभी राहणार आणि आपण बसने, मग मेट्रोने.

शोधाची सुरुवात पार्कपासून करू नका, मेट्रोच्या नकाशापासून करा. आधी लाइनची बाहेरची टोकं बघा, मग त्यांच्याभोवती पार्क शोधा. ग्रीन लाइनच्या टोकाशी, मेरीलँडमध्ये, दोन नावं निघतात. ग्रीनबेल्ट पार्क हे नॅशनल पार्क सर्व्हिसचं कॅम्पग्राउंड: झाडी, स्वस्ताई, डंप स्टेशन (सांडपाणी रिकामं करायची जागा), पण साइटवर, म्हणजे गाडी उभी करायच्या जागेवर, वीज-पाण्याचं हुकअप (जोडणी) नाही. दुसरं कॉलेज पार्कमधलं चेरी हिल पार्क: खाजगी, महाग, पूर्ण हुकअप, आणि शहराची बस दाराशी येते म्हणून वर्षानुवर्षं प्रसिद्ध. व्हर्जिनियाच्या बाजूला रेस्टनजवळ लेक फेअरफॅक्स पार्क आहे. सिल्व्हर लाइनचं वीली-रेस्टन ईस्ट स्टेशन तिथून दोन-तीन मैलांवर. जुलैत घरची वडीलधारी मंडळी सोबत असतील तर हुकअपशिवायच्या जागेचा विचारही करू नका, एसीवाचून दुपार निघत नाही. 30 अँपिअरच्या जोडणीवर मात्र एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका. दोन्ही मिळून पंचवीसेक अँपिअर जातात, वर पाण्याचा हीटर विजेवर असला की ब्रेकर पडलाच.

इथवर सगळं तासाभरात झालं. अडलं ते शेवटच्या दीड मैलावर.

एका पार्कने (नाव घेत नाही, वरच्या तिघांपैकी नाही) लिहिलं होतं, 'बस हाकेच्या अंतरावर, स्टेशन दहा मिनिटं.' फोन केला, तेव्हाही हेच उत्तर. ती दहा मिनिटं कारची होती, हे चौथ्या प्रश्नाला कळलं. तोवर बुकिंगची आगाऊ रक्कम गेली होती, आणि ती परत मिळत नाही ही अट फॉर्मच्या तळाशी होती. म्हणून पैसे भरण्याआधी ही तपासणी करा, आणि स्वतः करा. ऑफिसमधला माणूस स्वतः बसने कधी गेलेला नसतो.

गूगलच्या नकाशात पार्कचा पत्ता टाकला की टाचणी ऑफिसवर किंवा मुख्य रस्त्यावर पडते. मोठ्या पार्कात तिथून तुमची साइट अर्धा मैल आत असू शकते. साइटचा नकाशा मागवा आणि टाचणी तिथे हलवा. मग ट्रान्झिटचा (बस-मेट्रोचा) पर्याय निवडून वेळ बदलून बघा. 'आत्ता निघालो तर' हे उत्तर निरुपयोगी, कारण आपण बहुधा सुट्टीच्या दुपारी घरी बसून शोधत असतो. मंगळवारी सकाळी नऊला पोचायचं आणि रविवारी रात्री साडेनऊला शहरातून परत निघायचं, हे दोन्ही बघा. जाताना बस सापडते हो, येताना सापडत नाही. उपनगरातल्या कित्येक बस रविवारी तासाला एक असतात, काही नसतातच. मेट्रो मध्यरात्रीपर्यंत धावते या भरवशावर राहिलात तर स्टेशनवर उतरून पुढे काय, हा प्रश्न उरतो.

त्यानंतर स्ट्रीट व्ह्यूमध्ये (नकाशातल्या रस्त्यांच्या फोटोंमध्ये) थांब्यापासून गेटपर्यंत 'चालून' बघा. फूटपाथ सलग आहे का? सहा लेनचा रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का? रात्री दिवे? परतीचा थांबा नेहमी रस्त्याच्या पलीकडे असतो, हे साधं गणित मी विसरले होते. ज्या पार्काची गोष्ट सांगतेय तिथे फूटपाथ पेट्रोल पंपापाशी संपतो आणि पुढे गवत, ते थेट हायवेच्या रॅम्पपर्यंत. नकाशा त्याला 'चालत 14 मिनिटं' म्हणतो. म्हणो बापडा.

आता फोनवर काय विचारायचं. 'बस आहे का?' असं विचारू नका, उत्तर 'हो' येतं. थांब्याचं नाव विचारा. रविवारची शेवटची बस किती वाजता ते विचारा. पार्कची शटल असेल तर ती कोणत्या महिन्यांत असते, आदल्या दिवशी नाव द्यावं लागतं का, आणि परतीला स्टेशनवरून घेते का, की फक्त सोडते? उत्तरं ईमेलवर मागा. तोंडी दहा मिनिटांची किंमत मला कळली आहे.

बसचे जुने क्रमांक तर विसराच. वॉशिंग्टनची मेट्रो आणि बस चालवणाऱ्या संस्थेने 29 जून 2025 ला बसचं सगळं जाळं नव्याने आखलं आणि मार्गांची नावं बदलली. त्याआधी कुणी लिहिलेल्या अनुभवात चेरी हिलची, ग्रीनबेल्टची जी बस सापडेल ती त्या क्रमांकाने आता येणार नाही. थांबा तोच आहे का हेही नव्या नकाशावर बघा.

शेवटचा टप्पा टॅक्सीने करणार असाल तर गेटचा कोड आधी फोनमध्ये लिहून ठेवा. पुष्कळ पार्कांची गेटं रात्री बंद होतात आणि ड्रायव्हर बाहेरच उतरवतो. घडीची सायकल असेल तर प्रश्नच मिटतो: बसच्या पुढच्या रॅकवर दोन सायकली मावतात, मेट्रोतही नेता येते.

ग्रीन लाइनचं सुख असं की कॉलेज पार्कहून बसलात की मॉलसाठी गाडी बदलावी लागत नाही. 'स्मिथसोनियन' नावाच्या स्टेशनच्या मोहात पडू नका, ते दुसऱ्या लाइनवर आहे. आर्काइव्ह्जला उतरा, नॅचरल हिस्टरी म्युझियम चालत दोन पावलांवर. ही पावलं खरी.

एक राहिलं, आणि ते आधी सांगायला हवं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून आय-95 हायवेने येणाऱ्यांनी बाल्टिमोरचे बोगदे टाळायचे. दहा पौंडांहून मोठा प्रोपेन गॅसचा सिलिंडर बोगद्यातून न्यायला मनाई आहे, आणि आरव्हीवर साधारण वीस-तीस पौंडांचे असतात. पूर्वी लोक तिथल्या 'फ्रान्सिस स्कॉट की' नावाच्या पुलावरून जायचे. तो 26 मार्च 2024 ला जहाज आदळून कोसळला. आता बाल्टिमोरभोवतीच्या आय-695 च्या पश्चिमेकडच्या वळशानेच या. जीपीएसला आरव्हीची उंची आणि प्रोपेन सांगितलं नसेल तर तो सरळ बोगद्यातच घालतो.

फॉर्मवर लांबी विचारतील तेव्हा भाड्याच्या कागदावरचा '25 फुटी' आकडा टाकू नका. बंपर, शिडी, मागचा सायकल रॅक धरून टेपने मोजा. आणि गाडी दहा वर्षांहून जुनी असेल तर खाजगी पार्कात तेही आधी विचारा, काही जण घेत नाहीत. मेट्रोचं स्मारट्रिप नावाचं तिकिटाचं कार्ड वापरणार असाल तर ते प्रत्येकाचं वेगळं हवं. एका कार्डावर दोघांना आत सोडत नाहीत. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्या माणसामागे दोन मुलं. बसमध्ये रोख पैसे दिलेत तर मेट्रोत बदलताना मिळणारी सवलत गेली, म्हणून कार्डं पहिल्याच दिवशी घ्या.