सज्जनगड-ठोसेघर-चाळकेवाडी : एक रविवार, एक कुत्री आणि पोटरीवर दोन दात

साताऱ्याच्या पोवई नाक्यावर साडेसहाला भेटायचं ठरलेलं, भाचा उगवला सात वीसला. पुण्यात व्हायरसवर पीएचडी करतोय, त्यामुळं त्याला उशिराचं कारण विचारायचं नाही असा घरात नियमच आहे. पेट्रोल साताऱ्यातच फुल्ल करून घ्या, पुढं भरवसा नाही. बोगदा ओलांडला की हवाच बदलते. सज्जनगडाच्या पायऱ्या ऊन चढायच्या आत चढा, वरनं उरमोडीचं पाणी बघत बसा, घाई करू नका. ठोसेघरला आम्ही रेलिंगच्या अलीकडंच थांबलो, दगडावर शेवाळ असतं, रील्ससाठी खाली उतरणाऱ्यांना माझा लांबूनच नमस्कार.

खरी गंमत चाळकेवाडीला. पवनचक्क्या धुक्यात निम्म्या गायब, वारा असा की विंडचीटर नसेल तर जाऊच नका. एका टपरीवर चहा सांगितला, बाकड्याखाली चार पिल्लं होती, मी बिस्कीट द्यायला वाकलो आणि त्यांच्या आईनं मागनं येऊन पोटरी धरली. दोन दात, रक्त आलं. चूक माझीच, पिल्लांजवळ हात घालायचा नसतो हे चाळिशीत कळलं.

टपरीवाल्या मावशी लगेच मिरचीपूड घेऊन आल्या. भाचा म्हणाला, "मावशी, ती भज्यात टाका, मला कपड्याचा साबण द्या." मग पिंपाच्या नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून, साबणानं धुतला. मी म्हटलं आरं बास की, तर म्हणे रेबीजच्या व्हायरसला वरनं चरबीचं आवरण असतं, साबणानं ते फाटतं, आत्ता जेवढे धुऊन जातील तेवढे गेले. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, पट्टी आवळायची नाही, टाके शक्यतो लगेच घालायचे नाहीत.

त्या पंधरा मिनिटांत मला जे लेक्चर मिळालं ते इथं देतोय, कारण पुढची पळापळ कशासाठी हे त्यातनंच कळतं. ह्या व्हायरसकडं स्वतःचं म्हणून जवळजवळ काहीच नाही. पाच जीन्स, पाच प्रोटीन, सगळा आरएनए, म्हणजे त्याची जीन्स लिहिलेली चिठ्ठी, जेमतेम बारा हजार अक्षरांचा. ना पाय, ना इंजिन. चावल्यावर तो बऱ्याचदा स्नायूतच रेंगाळतो, मग नर्व्हच्या टोकावर आपलीच जी प्रोटीनं असतात, पी75 वगैरे, त्यांना चिकटतो, आणि पेशीच त्याला पिशवीत घालून आत ओढते. नर्व्हच्या आत रूळ असतात, मायक्रोट्यूब्यूल, त्यावरनं डायनीन नावाचं मोटर प्रोटीन रोज टोकाकडचा माल पेशीच्या मुख्य भागाकडं नेत असतं, हा त्याच गाडीत बसतो, बिनतिकीट. दिवसाला काही सेंटीमीटर.

मी विचारलं, मग ते डायनीनच बंद पाडा की. तर म्हणे ते बंद पडलं तर आधी तुमची नर्व्हच मरंल मामा. आणि आणखी एक, 2000 च्या सुमाराला शास्त्रज्ञांना सापडलं की व्हायरसचं पी नावाचं प्रोटीन डायनीनच्या एका छोट्या तुकड्याला धरतं, सगळ्यांना वाटलं सापडली गाडीची कडी. मग ती कडी मुद्दाम तोडून बघितली तरी व्हायरस मेंदूत पोचलाच, अख्खाच्या अख्खा पिशवीत बसून जात असणार. मला हा भाग लई आवडला, पाय गारठला होता तरी.

मेंदूत पोचला की आरएनएच्या कॉप्या काढणारं एन्झाइम त्याचं स्वतःचं, पण प्रोटीन बनवायला रायबोसोम आपलेच. पेशीत ह्या कारखान्याचे ठिपके दिसतात, नेग्री बॉडीज, 1903 मध्ये सापडलेले. आपलं एचएसपी70 नावाचं प्रोटीनसुद्धा तिथं कामाला जुंपलेलं असतं. तिथनं नर्व्हवाटंच लाळेच्या ग्रंथीत, म्हणजे पुढच्या चाव्याची सोय. लक्षणं सुरू झाली की माणूस वाचत नाही असंच धरून चाला. म्हणजे जी काय वेळ आहे ती नर्व्हमध्ये शिरायच्या आधीची, आणि चावा तोंडावर, मानेवर असेल तर ती आणखी कमी.

म्हणून चहा सोडून निघालो. रस्त्यातल्या एका दवाखान्यात लस होती पण सीरम, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, नव्हतं, "उद्या या" म्हणाले. उद्या यायचं नाही, तसंच साताऱ्यात सरकारी दवाखान्यात गेलो, रविवार असून कॅज्युअल्टी चालू होती. रक्त आलेला चावा म्हणजे तिसरी कॅटेगरी, त्यात लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तेच सीरम, जखमेतच भरतात, हे विचारून घ्या, लस आहे म्हटल्यावर आपण गप बसतो. लस काम करायला आठवडाभर घेते, तोवर हे तयार अँटीबॉडी व्हायरसला दारातच धरतात. दुखतं, खोटं कशाला बोलू. पोटात चौदा सुया हे आता विसरा, ती जुनी लस कधीच गेली. मला कातडीतली दिली, दंडावर, दिवस 0, 3, 7 आणि 28, म्हणजे रविवार, बुधवार, रविवार आणि मग पहिल्या डोसनंतरचा चौथा रविवार. मोबाईलला अलार्म लावा, बुधवारचा हमखास विसरतो.

कुत्री मारायची नाही, पळवून लावायची नाही, दहा दिवस नजरेत ठेवायची. लाळेत व्हायरस आलाय म्हणजे तिच्या मेंदूत तो आधीच पोचलेला असतो, मग ती दहा दिवसांत आजारी पडून मरतेच. पण हे दहा दिवस बघून मग लस घेऊ असं करायचं नाही, लस पहिल्या दिवशीच. मावशींचा नंबर घेऊन ठेवला होता. दहाव्या दिवशी फोन केला तर म्हणाल्या, "बाकड्याखाली झोपलीय ओ, पिल्लं पाजतीया, तुमचा चहाचा हिशोब राहिलाय तेवढा."

अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस मात्र डॉक्टरांनी घ्यायला लावलाच.